भाजीला तेल कुठलं? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात भाज्या शिजवताना त्यातली जीवनसत्त्वं कशी टिकवायची यावर लिहिलं होतं, त्यात तेलाबद्दल एकच ओळ होती, "तेल बेताचं आणि चांगलं वापरा", आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका ओळीवरच, की बाई चांगलं म्हणजे कुठलं ते तरी सांगा. बरोबर आहे तुमचं. तर यावेळी फक्त तेल. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न: ताई, आम्ही घरात चार माणसं. मिस्टरांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी "तेल बदला" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आता जाऊबाई म्हणतात घाण्याचं शेंगदाणा आणा, मुलगी म्हणते ऑलिव्ह, आणि मोबाइलवर रोज एक जण वेगळंच सांगतो. मला रोजच्या भाजीला एकच तेल आणायचंय. कुठलं आणू ते सरळ सांगा.

सरळच सांगते. शेंगदाणा, राइस ब्रान (म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं), कॅनोला, ऑलिव्ह, नाहीतर ज्याच्यावर हाय ओलेइक (म्हणजे मोनोअनसॅच्युरेटेड फॅट मुद्दाम जास्त असलेलं) लिहिलंय असं सूर्यफूल किंवा करडई, यातलं जे घरात चवीला चालतं आणि खिशाला झेपतं ते आणा. जाऊबाईही बरोबर आणि मुलगीही बरोबर. यातलं एक दुसऱ्यापेक्षा फार भारी आहे म्हणून रात्रीची झोप घालवावी असं काही नाही.

आता का, तेही बघा, म्हणजे उद्या कुणी नवीन तेलाचं नाव घेतलं तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. कुठलंही तेल घ्या, त्यात तीन जातीचं फॅट असतं, सॅच्युरेटेड, मोनोअनसॅच्युरेटेड आणि पॉलिअनसॅच्युरेटेड. तेल म्हणजे या तिघांचं मिश्रणच, फक्त कुणात कुठलं जास्त एवढाच फरक. सॅच्युरेटेड जास्त खाल्लं की आपलं लिव्हर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, उचलून घ्यायचं काम कमी करतं आणि मग ते रक्तातच फिरत राहतं. बाकीची दोन जास्त असतील आणि ती सॅच्युरेटेडच्या *जागी* येत असतील तर एलडीएल खाली येतं. हा "जागी" शब्द महत्त्वाचा आहे हं, कारण बरेच जण चांगलं तेल आणतात आणि आधीच्या खाण्यात वरून त्याची भर घालतात, त्यानं काहीच साधत नाही.

शंभर ग्रॅम तेलात सॅच्युरेटेड किती ते साधारण असं आहे: कॅनोलात ७, सूर्यफुलात १०-११, ऑलिव्हमध्ये १४, तिळाच्या तेलात पण १४, सोयाबीनमध्ये १५, शेंगदाण्यात १७ ते २०, राइस ब्रानमध्ये २०, सरकीच्या तेलात २६, पाममध्ये जवळजवळ निम्मं, आणि खोबरेलात ८० च्या वर. आता या आकड्यांकडे बघून मी दुकानात काय करते सांगू? बाटली उलटी करते. पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र, हिरवं पान, "कोलेस्टेरॉल फ्री", काय वाट्टेल ते असतं. कोलेस्टेरॉल फ्री तर कुठलंही वनस्पतीचं तेल असतंच, कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं, दाण्यात आणि बियांत नाही, त्यामुळे ते वाचून तेल निवडणं म्हणजे हाडं नसलेलं केळं आणलं असं म्हणण्यासारखं आहे. मागच्या बाजूला छोटा तक्ता असतो, त्यात सॅच्युरेटेडची ओळ शोधायची. शंभर ग्रॅममागे २० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर रोजच्या भाजीला चालेल. आणि ट्रान्स फॅटच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल बिघडवणाऱ्या आणखी एका फॅटच्या, ओळीत शून्य किंवा शून्याला चिकटून आकडा पाहिजे. ब्लेंडेड तेल असेल तर त्यात कुठली तेलं किती टक्के आहेत तेही वाचा, कधीकधी नाव एकाचं मोठ्या अक्षरात आणि आत निम्म्याच्या वर दुसरंच असतं.

पण एक गोष्ट मला तुम्हाला मनापासून सांगायचीय, आणि तुमच्या मिस्टरांसाठी ती बाटलीवरच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. तेल कुठलंही असू दे, एका ग्रॅममध्ये कॅलरी ९ च. ऑलिव्हच्याही ९ आणि पामच्याही ९. चहाच्या एका लहान चमच्यात ५ मिली तेल मावतं, त्याच्या झाल्या चाळीसेक कॅलरी. माणशी दिवसाला असे तीन-चार चमचे धरले तर चार माणसांना रोज जास्तीत जास्त ८० मिली, म्हणजे महिन्याला २४०० मिली, अडीच लिटरच्या आत. आता तुमच्या घरी महिन्याला किती संपतं ते आठवा बरं. चार लिटर संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली झालं, पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी, आणि बेताच्या हिशोबापेक्षा रोज शंभर-सव्वाशे जास्तच. तेल बदललं आणि धार तीच राहिली तर मिस्टरांच्या पुढच्या रिपोर्टमध्ये मनासारखा फरक दिसणार नाही.

मी एक केलंय, करून बघा. महिन्याचं तेल मोजून एकाच बरणीत काढते आणि बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावल्यात, एका आठवड्याला एक. आठवडा संपायच्या आत तेल पट्टीच्या खाली गेलं की कळतं कुठल्या दिवशी हात सैल सुटला. आणि बाटलीतून थेट कढईत कधीच ओतायचं नाही, चमच्यानंच. पहिले पंधरा दिवस भाजी कोरडी वाटते, मग जिभेला सवय होते.

आणि हो, डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तेल बदललं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका.

प्रश्न: मी दोन वर्षं सगळ्या भाज्या खोबरेल तेलात करते. त्यात लॉरिक ॲसिड असतं, वजन उतरतं, मेंदूला चांगलं, असं वाचलं होतं. आता मैत्रीण म्हणते ते सगळ्यात वाईट. नक्की काय?

सगळ्यात वाईट वगैरे काही नाही, पण रोजचं एकमेव तेल म्हणून मी सुचवणार नाही. २०२० साली खोबरेलावरच्या १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या, त्यात दुसऱ्या वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमनं वर गेलेलं दिसलं. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, तेही चारेक मिलिग्रॅमनं वाढलं, आणि लोक तेवढंच उचलून सांगतात. पण एचडीएल थोडं वाढलं म्हणून एलडीएल वाढल्याची भरपाई होते असं काही नाही.

वजन उतरण्याची गोष्ट कुठून आली तर एमसीटी नावाचं वेगळं तेल असतं, त्यावरच्या प्रयोगांतून. त्यात मध्यम लांबीच्या साखळीची फॅट्स वेगळी काढून घेतलेली असतात. तुमच्या बाटलीतल्या खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असतं आणि ते शरीरात बऱ्याच अंशी लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं. म्हणजे एका तेलाचा गुण दुसऱ्याच्या नावावर लागला.

तुम्हाला त्याचा वास आवडतो ना, मग एखाद्या भाजीला जरूर घाला, आठवड्यातून एकदा-दोनदा, चव येते छान. रोजच्याला वरच्यापैकी एखादं आणा. आणि दोन वर्षं खाल्लंय तर एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्या, उगाच मनात भीती ठेवून बसण्यापेक्षा आकडा बघितलेला बरा.

प्रश्न: ऑलिव्ह तेल तापवलं की विषारी होतं, ते फक्त वरून घ्यायचं, हे खरं का? स्मोक पॉइंट प्रकरण जरा नीट समजावून सांगा.

हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्मोक पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलातून सतत निळसर धूर निघायला लागतो ते तापमान. तेव्हा तेल फुटायला लागतं, त्यातल्या ग्लिसरॉलपासून ॲक्रोलीन नावाचं द्रव्य तयार होतं, तेच ते डोळ्यात झोंबतं आणि घशाला खवखवतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा हा पॉइंट साधारण १९० ते २०० अंशांच्या आसपास, रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, राइस ब्रान यांचा २३० च्या आगेमागे, रिफाइंड न केलेल्या तिळाच्या तेलाचा किंवा व्हर्जिन खोबरेलाचा १७५ च्या आसपास. आकडे थोडे इकडेतिकडे होतात कारण तेल किती ताजं, किती रिफाइंड केलेलं यावर ते अवलंबून असतं.

आता भाजी शिजते कितीला? भाजी म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. ती कढईत पडली की पाण्याची वाफ व्हायला लागते आणि जोवर पाणी आहे तोवर भाजीचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जातच नाही. परतताना तेलाचं तापमान १२० ते १६० असतं, तळताना १६० ते १८०. म्हणजे ऑलिव्ह तेलात भाजी मजेत परतता येते, विषबिष काही होत नाही. उलट त्यात मोनोअनसॅच्युरेटेड जास्त आणि वर अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल लवकर बिघडू न देणारी द्रव्यं, पण असतात, त्यामुळे ते उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. नुसता स्मोक पॉइंट बघून तेल टिकाऊ की नाही हे ठरत नाही, पॉलिअनसॅच्युरेटेड जितकं जास्त तितकं तेल तापवल्यावर लवकर बिघडतं, धूर दिसायच्या आधीच. म्हणून साधं सूर्यफूल, ज्याचा स्मोक पॉइंट चांगला वर आहे, ते वारंवार तळायला तितकंसं बरं नाही.

गडबड होते ती भाजी पडायच्या आधी. कढई गॅसवर ठेवली, तेल घातलं, गॅस मोठा, आणि आपण कांदा चिरायला वळलो. त्या दोन-तीन मिनिटांत रिकाम्या कढईतलं चमचाभर तेल २०० च्या पार जातं. तिथं पाणी नाही ना त्याला थोपवायला. तर सगळं चिरून हाताशी ठेवल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही, ही सवय लावून घ्या. आणि तेल बघायला शिका. थंड तेल जाडसर, आळशासारखं सरकतं. तापलं की पातळ होतं आणि कढई थोडी कलती केली की भराभर पळतं, तळाशी पाण्यावर ऊन पडल्यासारख्या बारीक लाटा दिसतात. मोहरीचा एक दाणा टाकला की दमानं तडतडतो. हीच वेळ, भाजी घाला. दाणा पडताक्षणी काळा झाला तर उशीर झाला, गॅस बंद करा आणि कढई बाजूला ठेवा. धूर निघालाच असेल तर ते तेल टाकून द्या, चमचाभर तेलासाठी जीव थोडा करू नका, खिडकी उघडा आणि नव्यानं सुरू करा.

ऑलिव्हबद्दल आणखी एक. त्याचं नाव मोठं झालं त्यात स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासाचा मोठा वाटा आहे. हृदयविकाराचा धोका असलेले ७४४७ लोक, २०१३ साली निष्कर्ष आले, मग लोकांना गटात वाटताना काही चुका झाल्याचं लक्षात आलं म्हणून तो मागे घेऊन २०१८ ला पुन्हा तपासून छापला, आणि तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला, ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा घेणाऱ्यांना हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यांसारखे त्रास जवळपास ३० टक्के कमी. पण ते लोक सोबत भरपूर भाज्या, फळं, डाळी, मासे असंच सगळं खात होते. नुसती बाटली आणून तेवढा फायदा मिळेल अशी आशा धरू नका. आणि एक्स्ट्रा व्हर्जिन, प्युअर, लाइट हे प्रकार वेगवेगळे. लाइट म्हणजे कमी कॅलरीचं नव्हे, रंगानं आणि वासानं हलकं, कॅलरी त्याच.

प्रश्न: घाण्याचं तेल म्हणजे अमृत आणि रिफाइंड म्हणजे केमिकल, असं आमच्या घरी ठरलंय. तुम्हाला काय वाटतं?

मला दोन्हीकडे थोडं खरं वाटतं.

रिफाइंड तेल बनतं कसं बघा. बिया दाबून तेल काढतात, उरलेल्या पेंडीतलं तेल बऱ्याचदा हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटनं काढून घेतात. हेक्झेन ६९ अंशांना उकळून उडून जातं, पुढच्या पायऱ्यांत ते जवळजवळ सगळं निघतं. मग चिकटपणा काढायचा, मोकळी आम्लं काढायची, रंग काढायचा आणि शेवटी २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास काढायचा. यात खराब गोष्टी जातात तशा चांगल्याही जातात, ई जीवनसत्त्व थोडं कमी होतं, दाण्याचा स्वतःचा सुगंध तर पूर्णच जातो, आणि त्या शेवटच्या उष्णतेत अगदी थोडं ट्रान्स फॅट तयार होतं. फॅट्सचं प्रमाण मात्र बदलत नाही. म्हणजे रिफाइंड शेंगदाणा आणि घाण्याचा शेंगदाणा, कोलेस्टेरॉलच्या दृष्टीनं दोन्ही जवळपास सारखेच.

घाण्याच्या तेलात वास, चव, अँटिऑक्सिडंट टिकतात, आणि त्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते कमी लागतं. चव असते ना, चमचाभरात भाजी बोलायला लागते.

पण एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेंगदाणे ओलसर जागी ठेवले की त्यावर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, लिव्हरच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे हे पक्कं ठाऊक आहे. तेल काढताना त्यातलं बरंचसं पेंडीत जातं पण थोडं तेलातही उतरतं. रिफाइंड करताना मोकळी आम्लं काढायच्या अल्कलीच्या पायरीत ते निघून जातं, घाण्याच्या तेलात ती पायरीच नसते. म्हणून घाण्याचं घ्यायचं तर दाणे कसे आहेत ते बघून घ्या, सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे दाणे असतील तर तिथून उठा. तुम्ही स्वतः दाणे नेऊन काढून आणत असाल तर आधी घरी पसरून एकेक निवडा, अर्धा तास जातो पण तो वाया जात नाही. आणि गाळलेलं, निवळलेलं तेल आणा, तळाशी गाळ असेल तर तो करपतो आणि तेल लवकर खराब होतं.

थोडक्यात दाण्याची खात्री असेल तर घाण्याचं, नसेल तर रिफाइंड आणायला लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न: सूर्यफूल तेलात ओमेगा ६ असतं आणि त्यानं अंगात सूज वाढते म्हणे. आम्ही वर्षानुवर्षं तेच खातोय, आता काय करायचं?

घाबरू नका. ओमेगा ६ म्हणजे पॉलिअनसॅच्युरेटेडमधलंच एक, मुख्यतः लिनोलिक ॲसिड, ते शरीराला लागतंच, आपण ते बनवू शकत नाही. कागदावर त्यापासून सूज वाढवणारी द्रव्यं तयार होऊ शकतात हे खरं, पण माणसांवर प्रयोग केले तेव्हा लिनोलिक ॲसिड जास्त दिलं म्हणून रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या खुणा वाढल्या असं दिसलेलं नाही. उलट २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं जुन्या चांगल्या चाचण्या तपासून सांगितलं की सॅच्युरेटेड फॅटच्या जागी पॉलिअनसॅच्युरेटेड तेल दिलं तेव्हा हृदयविकार साधारण ३० टक्क्यांनी कमी झाला.

तर सूर्यफूल भाजीला चालतं. तळायला वारंवार नको, ते वर सांगितलंच. संपलं की पुढच्या खेपेला शेंगदाणा किंवा राइस ब्रान आणा, मग परत सूर्यफूल, असं आलटून पालटून केलं तर फॅट्सचा आपोआप समतोल राहतो. घरी दोन तेलं मिसळत बसायची गरज नाही.

प्रश्न: मोहरीचं तेल?

फॅट्सच्या दृष्टीनं छान, सॅच्युरेटेड १२ च्या आसपास आणि थोडं ओमेगा ३ (तेही पॉलिअनसॅच्युरेटेडच) पण. अडचण एरुसिक ॲसिडची. उंदरांना ते भरपूर दिलं तेव्हा त्यांच्या हृदयात चरबी साठलेली दिसली, म्हणून काही देशांत हे तेल स्वयंपाकासाठी विकायला बंदी आहे. माणसांत तसं नुकसान सिद्ध झालेलं नाही. कॅनोला म्हणजे त्याच कुळातलं, पण कॅनडात १९७० च्या दशकात एरुसिक ॲसिड अगदी कमी असलेलं वाण तयार केलं ते. मोहरीचं आवडत असेल तर दुसऱ्या तेलाबरोबर आलटून पालटून वापरा.

प्रश्न: एवढं सगळं असेल तर तेल बंदच का करू नये? मी सहा महिने भाज्या नुसत्या वाफवून खातेय.

नको हो. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये विरघळतात. गाजर, लाल भोपळा, पालक, टोमॅटो यांच्यात जे कॅरोटिनॉइड असतात, ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं तेही यातच आले, ते आतड्यातून रक्तात जायला सोबत थोडं फॅट लागतं. २००४ साली एक छोटा प्रयोग झाला होता, लोकांना सॅलड दिलं, एकदा अजिबात फॅट नसलेल्या ड्रेसिंगचं, एकदा थोड्या आणि एकदा जास्त. बिनफॅटच्या सॅलडमधलं कॅरोटिनॉइड रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. म्हणजे तुम्ही एवढी मेहनतीनं पालक निवडून, धुवून, वाफवून खाताय आणि त्यातला बराच माल तसाच बाहेर जातोय, हे वाचून मलाच वाईट वाटलं.

जेवणात कुठूनही फॅट आलं तरी चालतं, मूठभर दाणे, तीळ, काहीही. पण सोपं म्हणजे वाफवलेल्या भाजीवर गरम असतानाच माणशी एक लहान चमचा तेल घाला आणि हलवा. सहा महिन्यांनी भाजीला चव पण येईल.

प्रश्न: वांगं कितीही तेल घातलं तरी पिऊन टाकतं. ते कमी तेलात कसं करायचं?

वांग्याच्या आतला गर म्हणजे स्पंज असतो, बारीक बारीक हवेच्या पोकळ्या. कापलेला तुकडा हातात घेऊन हळूच दाबा, तो दबतो आणि परत वर येतो, ती हवाच. गरम तेलात पडला की त्या पोकळ्यांत तेल शिरतं, मग कढई कोरडी दिसते, आपण अजून घालतो, तेही जातं. नंतर भाजी शिजली की स्पंज कोसळतो आणि सगळं तेल ताटात वर येतं.

म्हणून स्पंज आधी कोसळवायचा. फोडींना मीठ चोळून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, पाणी सुटतं, फोडी लवचिक होतात, मग हलक्या हातानं पिळून घ्या आणि भाजीत मीठ त्या हिशोबानं कमी घाला. किंवा पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, हे मला जास्त सोयीचं पडतं कारण मीठही वाढत नाही. मग परता, तिसरा हिस्सा तेलात भाजी होते. आता फोड बोटानं दाबली तर ती दबलेलीच राहते, म्हणजे समजायचं की झालं.

फ्लॉवर, बटाटा, फरसबी यांचं तसं नाही, त्यांना चमचाभर तेलात परतायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण घालायचं. लागलं की अजून तेल नको, पाण्याचा हबका. कढई जाड बुडाची असेल तर खाली लागत नाही आणि निम्मं तेल तिथंच वाचतं. कांदा परततानाही हीच युक्ती, चिमूटभर मीठ आधी घाला, त्याचं पाणी सुटतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो.

प्रश्न: तळून उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी भाजीला वापरते, टाकवत नाही. चालेल का?

एकदा, आणि तेही मंद आचेवर तळलेलं, रंग न बदललेलं असेल, लगेच गाळून ठेवलं असेल तर परतायला वापरा, दोन दिवसांत संपवा. त्यापुढे नाही. प्रत्येक तापवण्याला तेलात मोकळी आम्लं वाढतात, स्मोक पॉइंट खाली येतो, म्हणजे कालचं तेल आज लवकर धूर सोडतं, आणि तळाशी राहिलेला चुरा जळून त्यात भर घालतो. बऱ्याच देशांत हॉटेलांसाठी नियम आहे की तेलात बिघाडातून तयार होणारी पोलर द्रव्यं २५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते फेकायचं. घरी आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं: तेल गडद झालं, दाट झालं, तापवल्यावर फेस येऊन बसत नाही, जुन्या तळणाचा वास येतो, यातलं एक जरी दिसलं तरी टाका. टाकवत नाही ना, मला कळतं ते, घरी तेल वाया घालवणं जिवावर येतं. मग तळतानाच लहान, खोल भांडं घ्या, तेल कमी लागतं आणि उरतंही कमी.

प्रश्न: जवसाच्या तेलात भाजी करू का? ओमेगा ३ साठी.

करू नका, वरून घ्या. त्यात निम्म्याहून जास्त ओमेगा ३ आहे हे खरं, पण म्हणूनच ते फार नाजूक, शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की धूर सोडतं. ताटातल्या भाजीवर एक चमचा, आणि बाटली फ्रीजमध्ये.

प्रश्न: तेल खराब झालंय हे कसं ओळखायचं, आणि पाच लिटरचा कॅन आणते तो कसा ठेवू?

तळहातावर दोन थेंब घ्या, दुसऱ्या हातानं चोळा म्हणजे ते कोमट होतं, आणि लगेच वास घ्या. चांगल्या तेलाला त्याच्या बीचा वास येतो, रिफाइंडला जवळजवळ येतच नाही. खवट तेलाला रंगाच्या जुन्या डब्यासारखा, मेणाच्या खडूसारखा वास येतो. एकदा नाकानं तो ओळखला की परत चुकत नाही. जिभेवर ठेवलं तर शेवटी कडसर लागतं.

तेलाला तीन गोष्टी खराब करतात, उजेड, हवा आणि उष्णता. आणि आपण बाटली ठेवतो कुठं, गॅसच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात, झाकण अर्धं उघडं. ती तिथून उचला आणि बंद कपाटात ठेवा. दोघं-तिघं असाल तर पाच लिटरचा कॅन आणू नका, उघडल्यापासून दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच आणा, घाण्याचं असेल तर महिन्याभराचंच. चार-पाच माणसांचं घर असेल तर कॅनमधून आठवड्याचं तेल छोट्या बरणीत काढा आणि कॅन घट्ट बंद करून अंधारात ठेवा.

आणि बरणीत तळाला थोडं उरलंय म्हणून त्याच्यावरच नवीन ओतू नका. तेल खराब होण्याची क्रिया साखळीसारखी चालते, जुन्यातलं बिघडलेलं नव्यालाही लवकर बिघडवतं. आधी बरणी रिकामी करा, गरम पाण्यानं आणि साबणानं आतून घासा, पालथी घालून रात्रभर पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच भरा.